मूठ वळ बघू

पहिलीत घेतलेला दिवाळीचा फ्रॉक लेकीला तिसरीतही बसत होता. जाऊबाई कौतुकानं म्हणाल्या, "तुमचं बरंय, कपडे वाया जात नाहीत." मी हसले. त्यात खटकण्यासारखं काही आहे हे डोक्यातही आलं नाही, कारण मी स्वतः चार फूट अकरा इंच. आमच्या घरात मुलगी बुटकी असण्याला कारण शोधायची गरजच नव्हती. कारण स्वयंपाकघरात उभं होतं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. वर्गातल्या पोरांची उंची-वजनं घ्यायची आणि प्रगतीपुस्तकात भरायची हे माझं दरवर्षीचं काम. लेक माझ्याच शाळेत, पण तिचा वर्ग दुसऱ्या बाईंकडे. दुसरीच्या प्रगतीपुस्तकात १०३, तिसरीच्या १०६. दोन्ही ठिकाणी पालक म्हणून माझी सही आहे.

त्याआधी काहीच केलं नाही असं मात्र नाही. ती सात वर्षांची असताना जवळच्या शहरात एका बालरोगतज्ज्ञांना दाखवलं होतं. त्यांनी ग्रोथ हार्मोनची तपासणी लिहून दिली. सकाळी उपाशीपोटी न्यायचं, हाताला सुई लावून ठेवायची, एक गोळी द्यायची आणि मग दर अर्ध्या तासानं रक्त काढायचं, दोन तास. त्या गोळीनं रक्तदाब उतरतो आणि पोर पेंगुळते. ती माझ्या मांडीवर मान टाकून पडली होती आणि दर अर्ध्या तासानं कुणीतरी येऊन नळीतून रक्त नेत होतं. चार दिवसांनी अहवाल आला. १० च्या वर असलं की चांगलं म्हणतात, हिचं १२ च्या पुढे होतं. डॉक्टर म्हणाले, "हार्मोन एकदम नॉर्मल. आईवर गेलीय. दूध, अंडी द्या, सायकल चालवू द्या." वर एका पावडरचा डबा लिहून दिला. आम्ही पेढे घेऊन घरी आलो.

त्या डॉक्टरांवर आता राग नाही असं म्हणाले तर खोटं होईल. तपासणी बरोबर होती, आकडाही बरोबर होता. फक्त प्रश्न चुकीचा विचारला होता. आणि त्या उत्तरावर आम्ही एक अख्खं वर्ष निवांत झोपलो.

पुढच्या जानेवारीत शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक आलं. दरवर्षी येतं. दात, डोळे, त्वचा बघतात, आणि खरं सांगायचं तर आम्ही शिक्षकही पोरं रांगेत उभी करून रजिस्टर पुरं करण्याच्या घाईत असतो. त्या वर्षी पथकात एक तरुण डॉक्टर मॅडम होत्या. त्यांनी लेकीच्या कानात बॅटरी टाकून विचारलं, "कान वरचेवर फुटतो का हिचा?" फुटायचा. दर पावसाळ्यात. मग त्यांनी गेल्या वर्षीची उंची मागितली. मी म्हटलं, "मॅडम, माझीच मुलगी आहे, माझ्यावर गेलीय." त्या म्हणाल्या, "तुम्ही किती उंच आहात ते मला दिसतंय. ही वर्षात किती वाढली ते सांगा."

तीन सेंटिमीटर.

या वयात वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर तरी वाढायला हवं, त्या म्हणाल्या. आईबाप बुटके असले तरी मूल आपल्या रेषेवरून पुढे सरकत राहतं, थांबत नाही. बारा वर्षं नोकरी करून मी शेकडो पोरांच्या उंच्या लिहिल्या होत्या, पण या वर्षीच्या आकड्यातून गेल्या वर्षीचा आकडा वजा करून एकदाही पाहिला नव्हता.

पुण्याला लहान मुलांच्या हार्मोनचे वेगळे डॉक्टर असतात हे तेव्हा कळलं. तिथं उंची मोजायलाच दहा मिनिटं लागली. चपला काढा, वेण्या सोडा, टाचा भिंतीला, नजर समोर. नर्सताईंनी तीनदा मोजलं. सकाळी मोजलं तर माणूस संध्याकाळपेक्षा सेंटिमीटरभर उंच भरतं, म्हणून दर वेळी साधारण याच वेळेला या, असंही सांगितलं. १०७. मग बसवून मोजलं, हात पसरून मोजलं. माझी आणि नवऱ्याची उंची घेतली, दोन्हींची बेरीज केली, मुलगी म्हणून १३ वजा केले आणि निम्मं केलं. आमच्या दोघांच्या मानानं तिनं मोठेपणी साधारण १५२ व्हायला हवं. तक्त्यावर ती जिथं होती तिथून १५२ कडे जाणारी रेषाच नव्हती. तिचा ठिपका सगळ्यात खालच्या रेषेच्याही खाली पडला होता.

मग डॉक्टर तिला म्हणाले, "मूठ वळ बघू."

तिनं वळली. मुठीवर बोटांची हाडं डोंगरासारखी वर येतात ना, तशी तिचीही आली. पण अनामिकेच्या जागी डोंगर नव्हता, खळगा होता. मी माझी मूठ वळून पाहिली, नवऱ्यानं त्याची. आमच्या दोघांना चार-चार डोंगर. आठ वर्षं त्या हाताची नखं कापली, त्याच बोटांना मेंदी लावली, तो खळगा मला कधी दिसला नव्हता.

त्यानंतर ते एकेक विचारत गेले आणि मी हो म्हणत गेले. जन्मली तेव्हा पावलं सुजलेली होती का? होती. वरून अगदी गुबगुबीत, मोज्याचे वळ उठायचे. 'गुटगुटीत आहे' म्हणून सगळे खूश होते, आणि मला मात्र प्रश्न पडायचा की सव्वादोन किलोचं मूल गुटगुटीत कसं. मानेवरचे केस खूप खालपर्यंत आहेत. हो, त्याचं तर कौतुकच व्हायचं. हात सरळ सोडले की कोपरापासून बाहेर जातात. भूमितीची आकृती, नकाशा, घड्याळ जड जातं का? यावर मी गप्प झाले. घड्याळावरून मी तिला दोनदा मारलं होतं.

रक्त गुणसूत्रांच्या तपासणीला गेलं. पेशी आधी वाढवाव्या लागतात, मग मोजतात, त्यामुळे तीन आठवडे थांबा. अहवालावर एवढंच होतं: ४५,एक्स. तीस पेशी मोजलेल्या, तिसांत तेच. टर्नर सिंड्रोम.

१९३८ साली अमेरिकेतल्या टर्नर नावाच्या डॉक्टरांनी अशा मुलींचं वर्णन केलं, म्हणून ते नाव. साधारण दोन-अडीच हजार मुलींत एक. म्हणजे आमच्या तालुक्यातच कितीतरी असतील, नाव न मिळालेल्या. बाईच्या पेशीत दोन एक्स गुणसूत्रं असतात, हिच्यात एकच आहे. बीज तयार होताना किंवा त्यानंतर लगेच होणारा तो अपघात. आईबापांनी काही केल्यानं होत नाही, न केल्यानं टळत नाही. डॉक्टरांनी हे दोनदा सांगितलं, दुसऱ्यांदा सासूबाईंकडे बघून. आठ वर्षं घरात 'आईवर गेली' हे चाललं होतं, ते त्या दिवशी बंद झालं. आणखी एक गोष्ट मी नंतर वाचली आणि कुणाला सांगितली नाही. अशा बहुतेक मुलींत जो एक एक्स उरलेला असतो तो आईकडून आलेला असतो. म्हणजे उंचीचं नाही, पण ते एक तरी बहुधा माझं आहे तिच्यात.

मग तपासण्यांची रांग लागली. हृदयाची इको, कारण या मुलींत महाधमनी अरुंद असू शकते किंवा तिच्या झडपेला तीनऐवजी दोनच पाकळ्या असतात. हृदय चांगलं निघालं. सोनोग्राफीत दोन्ही मूत्रपिंडं खाली जोडलेली, घोड्याच्या नालेसारखी, पण काम नीट करत होती. डाव्या कानानं जरा कमी ऐकू येत होतं. तिला मागच्या बाकावर बसवणाऱ्या बाईंना मी दुसऱ्या दिवशी जाऊन सांगितलं. डाव्या हाताचा एक्स-रे काढला. हाडांचं वय साडेसहा निघालं, तिचं सव्वाआठ. मला वाटलं हे आणखी एक वाईट. डॉक्टर म्हणाले, नाही, हे चांगलं, वाढायला अजून जागा आहे.

आणि मग ते म्हणाले, ग्रोथ हार्मोनची इंजेक्शनं सुरू करू.

नवरा तिथंच अडला. त्याचं बरोबर होतं. फाइलमध्ये जुना कागद होता: हार्मोन नॉर्मल. "कमी नाही ना सर, मग वरून कशाला द्यायचं?" डॉक्टरांनी विचारलं, शेती आहे का? आहे, दीड एकर. "मग बघा. टाकीत पाणी भरपूर आहे. शेतात जाणाऱ्या दोन चाऱ्या होत्या, त्यातली एक बुजलेली आहे. आपल्याला चारी उकरता येत नाही. पण जास्त दाबानं सोडलं तर उरलेल्या चारीतून थोडं जास्त जाईल." ती चारी म्हणजे शॉक्स नावाचं जनुक. एक्स गुणसूत्राच्या टोकाशी असतं, हाडांच्या लांबीसाठी त्याच्या दोन प्रती लागतात आणि हिच्याकडे एकच. म्हणून टर्नरच्या मुलींना हार्मोनची कमतरता नसताना हार्मोन देतात, तेही कमतरतेच्या मुलांपेक्षा चढ्या मात्रेत. कमतरता शोधणारी ती तपासणी हिच्यासाठी करायचीच नसते. आधी गुणसूत्रं पाहायची असतात.

बाहेर बाकावर मराठवाड्यातून आलेली एक बाई भेटली होती. तिचा सहा वर्षांचा मुलगा, त्याला प्रॅडर-विली. १५ व्या गुणसूत्राचा दोष. त्या मुलांना भूक कधी भागतच नाही. तिच्या मंगळसूत्रात फ्रिजच्या कुलपाची किल्ली अडकवलेली होती. त्याच्यात हार्मोन खरोखरच कमी पडत होतं, आणि इंजेक्शन उंचीइतकंच स्नायूंत बळ यावं म्हणून होतं. पण सुरू करण्याआधी रात्री झोपेत श्वास अडतो का ते तपासायचं होतं, त्यासाठी ती थांबली होती. औषध एकच, पण तिच्या पोराला वेगळ्या कारणानं आणि माझ्या पोरीला वेगळ्या. तिनं मला फक्त एवढंच विचारलं, "तुमची खाते का नीट?" मी म्हटलं, "नाही, मागे लागावं लागतं." तिनं हे असं ऐकलं की जणू मी लॉटरी लागल्याचं सांगितलं.

घरी सासूबाईंचा प्रश्न वेगळा होता. हे कशापासून करतात? प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. १९८५ पर्यंत हे हार्मोन मेलेल्या माणसांच्या मेंदूतल्या ग्रंथीतून काढायचे, आणि त्यातून काही मुलांना पुढे मेंदूचा जीवघेणा आजार झाला, म्हणून ते बंद पडलं. आता प्रयोगशाळेत जिवाणूंकडून करून घेतात. मी त्यांना अर्धंच सांगितलं, दुसरं अर्ध.

पैशांचं लपवण्यासारखं काही नाही. मात्रा वजनावर ठरते. तेव्हा ती १८ किलोची, म्हणजे रोज ०.९ मिलिग्रॅम, साधारण पावणेतीन युनिट. पहिल्या महिन्याचं बिल १३,८०० रुपये. दाखल व्हावं लागत नाही म्हणून आमच्या पॉलिसीत बसत नाही. शिक्षकांच्या पतसंस्थेतून कर्ज काढलं. पोरगी वाढेल तशी मात्रा वाढते आणि बिलही. तिचं वजन वाढलं की एका डोळ्यात आनंद आणि दुसऱ्यात हिशेब.

इंजेक्शन रोज रात्री, कारण शरीर स्वतःचं हार्मोनही रात्री झोपेतच जास्त सोडतं. नर्सताईंनी पेन दाखवलं, काट्यावर मात्रा फिरवून घ्यायची, कातडी चिमटीत धरायची, सुई सरळ, दहापर्यंत मोजून काढायची. सुई मेथीच्या दाण्याएवढी. तरी पहिल्या रात्री मी पेन हातात घेऊन पंधरा मिनिटं बसले होते. शेवटी तीच म्हणाली, "आई, तू डोळे मीट, मी मोजते." नवरा मोरीत जाऊन नळ सोडून उभा राहिला.

जागा बदलत राहावी लागते, नाहीतर तिथली चरबी खचते. त्यासाठी कालनिर्णय कामाला आलं. रोजच्या चौकोनात 'डा' किंवा 'उ', खाली 'मां' किंवा 'पो', म्हणजे डावी-उजवी बाजू, मांडी की पोट. एकदा पाहुण्यांनी विचारलं, दूधवाल्याचा हिशेब आहे का? ती म्हणाली, "हो."

दुसऱ्या वर्षी गणपतीत घात झाला. औषध २ ते ८ अंशांत ठेवायचं, गोठलं तर टाकून द्यायचं. घरात पाहुणे, फ्रिज मोदकांच्या सारणानं आणि दुधाच्या पातेल्यांनी भरलेला. सासूबाईंनी जागा करायला म्हणून औषधाचा डबा उचलून बर्फाच्या कप्प्यात सरकवला. गारच ठेवायचंय ना, मग जास्त गार बरं. रात्री डबा काढला तर आतलं घट्ट झालेलं. नवीन फोडलेलं काडतूस, दहा-अकरा दिवसांचं औषध. वितळल्यावर दिसायला अगदी स्वच्छ पाणी, आणि नवरा म्हणतोय देऊन बघू. दिलं नाही. सासूबाई आरतीला उठल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून फ्रिजचा मधला कप्पा त्यांच्या ताब्यात. आजही तिथं कोणी दह्याचं भांडं ठेवलं तर घरात भांडण होतं.

दर तीन महिन्यांनी पुणे. साखर, थायरॉइड, आयजीएफ नावाची एक तपासणी, पाठीचा कणा वाकतोय का ते बघणं. खुबा दुखला, लंगडली किंवा डोकं दुखून उलटी झाली तर लगेच फोन करा, असं आधीच बजावलेलं. एकदा रात्री डोकं दुखायला लागलं तेव्हा मी पहाटे पाचची गाडी पकडली. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी करून कळलं, काही नाही, चष्मा लागलाय. तिसऱ्या वर्षी थायरॉइड मात्र बिघडलं, टर्नरमध्ये ते बऱ्याचदा होतं. सकाळची एक गोळी वाढली.

पहिल्या वर्षी आठ सेंटिमीटर. मी नर्सताईंना परत मोजायला लावलं. दुसऱ्या वर्षी साडेसहा, मग साडेपाच, मग पाच. उतरत जाणार हे सांगितलेलं होतं, तरी दर वेळी पोटात गोळा येतो. आज ती १३२ आहे, बारा वर्षं पूर्ण. वर्गात अजूनही परिपाठाला पहिली उभी राहते. इंजेक्शननं ती उंच होणार नाही. उपचार न घेता जिथं थांबली असती त्याच्या बरीच वर थांबेल, एवढंच. आमचं आता १४८-१५० वर लक्ष आहे. म्हणजे माझ्याएवढी.

उंचीपेक्षा जास्त त्रास लोक तिला लहान समजतात त्याचा होतो. सातवीतल्या मुलीला दुकानदार गोळी देतात, गाल ओढतात. मागच्या खेपेला एसटीत ती कंडक्टरला म्हणाली, "मला बारा पूर्ण आहेत, माझं हाफ नको, पूर्ण काढा." आधार कार्डही पुढे केलं. कंडक्टर म्हणाला, "पोरी, तू बारा वर्षांची अस नाहीतर बावीस, बायकांना आता हाफच आहे." सगळी गाडी हसली. ती आधी रागावली, मग तीही हसली.

अंडाशयाचं तिला अकराव्या वर्षी सांगितलं, डॉक्टरांच्या समोर. टर्नरमध्ये बहुतेक मुलींची अंडाशयं काम करत नाहीत, पाळी आपोआप येत नाही, म्हणून अंडाशयाचं हार्मोनही बाहेरून द्यावं लागतं. बाराव्या वर्षी गोळीच्या पाव तुकड्यापासून सुरू केलंय, दोन-तीन वर्षांत हळूहळू वाढवायचं. एकदम दिलं तर हाडांची टोकं लवकर मिटतील आणि उंची थांबेल. मी आठवडाभर वाक्यं पाठ करून गेले होते. तिनं डॉक्टरांनाच विचारलं, "म्हणजे मला बाळ होणार नाही?" ते म्हणाले, "आपोआप होण्याची शक्यता फार कमी. आई होण्याचे दुसरे मार्ग आहेत, त्यातले काही आज आहेत, काही तू मोठी होईपर्यंत येतील. पण आधी हृदय परत तपासावं लागेल." ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "आणि भूमितीचं काही औषध आहे का?" नव्हतं. परतीच्या गाडीत ती खिडकीकडे तोंड करून झोपली, किंवा झोपल्यासारखं केलं. मी विचारलं नाही.

आता इंजेक्शन ती स्वतः घेते. मी फक्त कालनिर्णयावर लिहिते.

शाळेत मी एक वेगळी वही केलीय. उंचीच्या रकान्याशेजारी गेल्या वर्षीची उंची, त्याच्या शेजारी वजाबाकी. यंदा दुसरीतल्या एका मुलाची वजाबाकी अडीच आली. त्याच्या आईला बोलावून घेतलं. ती खुरप्याला माती लागलेली तशीच शेतातून आली आणि म्हणाली, "बाई, त्याचा बापच बुटका आहे." मी तिला बसायला सांगितलं आणि वही तिच्यापुढे उघडली.